दिव्याशेजारचा फोन

आमच्या घरात पणजोबांपासून कापड विणलं गेलं आणि मग मी निघालो. माझं काम नेमकं काय, हे बाबांना समजावून सांगायचा प्रयत्न मी एकदाच केला. तेव्हा ते अजून मागावर बसायचे. आमचा खड्डामाग. पाय खड्ड्यात, दाबायच्या पावड्यांवर, आणि कमरेपासून वरचा माणूस तेवढा जमिनीच्या वर. मी त्या खड्ड्याच्या काठावर उकिडवा बसलो आणि म्हटलं, "बाबा, फोन असो का कंप्युटर, त्याच्या बुडाशी एक भाग असते. कर्नेल म्हणतात त्याले. तुमच्या या खड्ड्यासारखा. गिऱ्हाईक काठ पाहते, पदर पाहते, पण खाली पाय कसे चालून राहिले ते कोणी पाहत नाही. सारं चालते मात्र तिथूनच. त्या कर्नेलात कधी कधी बारीक भोक राहून जाते. त्यातून चोर शिरला तर अख्खा फोन त्याचा. अशी भोकं बुजवाचं काम करतो मी."

बाबांनी धोटा थांबवला नाही. "म्हणजे रफू," ते म्हणाले.

"हो, तसंच समजा."

"विणणाऱ्याच्या घरी रफूवाला जलमला."

आई बाजूला चरख्यावर सुताच्या कांड्या भरत होती. ती म्हणाली, "असू द्या. सावलीत तं बसते."

माझ्या नोकरीची याहून नेमकी व्याख्या मला आजवर कुठे सापडलेली नाही, अगदी कंपनीच्या माहितीपत्रकातही नाही.

पुढे बाबांचे गुडघे गेले, माग थांबला, आणि कोरोनात माझ्या कंपनीने सांगितलं की कुठूनही काम करा. मी गावी आलो. बायको आणि मुलगी मुलीच्या शाळेपायी नागपूरला राहिल्या. शनिवारी मी तिकडे जायचो आणि सोमवारी भंडाऱ्याच्या बसने परत यायचो. नातेवाइकांनी आपापसात ठरवून टाकलं की याची नोकरी गेली आणि घरचे झाकून राहिले. दिवसभर दार लोटून, कानाला डबे लावून बसणाऱ्या पन्नाशीच्या माणसाबद्दल दुसरं काय वाटणार? मी एकदोनदा खुलासा केला. मग सोडून दिला. भोकं बुजवणाऱ्याचं एक असतं, काम नीट झालं तर काहीच घडत नाही, आणि काहीच घडलं नाही याचा पुरावा दाखवता येत नाही.

बाबा गेले ते दुपारी, जेवून आडवे झाल्यावर. धान लोंबीवर येत होता, म्हणून आत्याला सिहोऱ्याहून निघायला थोडा उशीर झाला. ती दारातूनच रडत आली. धाकटा भाऊ साड्यांचं दुकान पाहतो. तो दुकानाचं शटर ओढता ओढताच रडला. आई बसून राहिली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आपोआप गळत होतं. मला काही झालं नाही. मी एकेकाला फोन लावून बातमी दिली. कामावर रोज सकाळी मी ज्या आवाजात कालचं झालेलं काम सांगतो, त्याच आवाजात. लाकडं, भटजी, वैनगंगेचा घाट, सगळं ओळीने केलं. लोक माझ्या तोंडाकडे पाहत होते. शेवटी एका काकांनी माझी सुटका केली. म्हणाले, "मोठा आहे तो. मनातल्या मनात रडते."

मी मनात जाऊन पाहिलं. तिथेही कोणी नव्हतं.

बाबांना जिथे ठेवलं होतं तिथे, मधल्या खोलीत, दिवा लागला. आमच्याकडे तो तेरवीपर्यंत विझू देत नाहीत. त्याचा ताबा आत्याने घेतला. बाबांची ही धाकटी बहीण. हिच्या लग्नात बाबांनी स्वतः कोशाच्या रेशमाचं करवतकाठी लुगडं विणलं होतं, काठाला करवतीसारखे दात असलेलं. कांड्या आईने भरल्या होत्या. हे लुगडं ध्यानात ठेवा, कारण पुढचं सगळं त्याच्यावरूनच आहे.

दोन दिवसांनी दुपारचा चहा झाल्यावर आई माझ्याजवळ आली. म्हणाली, "बाबू, ते भांडण लाव न."

मला लगेच कळलं. गेल्या उन्हाळ्यात बाबांनी त्यांच्या फोनवर चुकून आवाज भरायचं बटण दाबलं आणि ते बंद कसं करायचं हे त्यांना सापडेना. फोन खिडकीत ठेवून ते विसरले. त्यात त्यांची आणि आईची अख्खी दुपार भरली गेली. सुरुवातीला बाबा खोकलतात. मग कुकरची शिटी. मग आत्याच्या त्या लुगड्याचा विषय निघतो. काठ कोणत्या रंगाचा होता? बाबा म्हणतात लाल. आई म्हणते, लाल कुठचा, कत्थी होता, काताच्या रंगाचा. बाबा म्हणतात, "मी विणलं का तू?" आई म्हणते, "कांड्या कोणं भरल्या?" तिथून पुढे त्यात कोण कोणाच्या माहेरचं काय बोललं इथपर्यंत सगळं आहे.

दोघांना तो आवाज फार आवडला. रोज चहानंतर ते तो लावायचे आणि त्यावर पुन्हा भांडायचे. फोनमधले बाबा म्हणायचे लाल, खाटेवरचे बाबा म्हणायचे, "बरोबर आहे." आई फोनला म्हणायची, "खोटं." माझी नेमकी तेव्हा मीटिंग असायची. माझ्या साहेबाने एकदा विचारलं की तुमच्या घरी माणसं किती. मी म्हटलं, दोन, पण आवाज चार.

बाबांचा आवाज घरात दुसरीकडे कुठेच नव्हता. मागाच्या खटखटीत आयुष्य गेलेला माणूस, कामापुरतं बोलायचा. लग्नाच्या व्हिडिओंत ते कुठेतरी मागे, मुके उभे दिसतात. आईला हवं होतं ते तेवढंच. काही गुपित नव्हतं, वाटणीचं काही नव्हतं. रोजचं भांडण तिला ऐकायचं होतं.

फोनला मात्र कुलूप होतं. ठिपके जोडून नक्षी काढायची, तसलं. ते लावायला मीच सांगितलं होतं. कुलूप लावा, नक्षी कोणाला सांगू नका, आईलाही नाही, मलाही नाही. बाबांनी जन्मात माझा एकच सल्ला पाळला आणि तो हा. बोटाचा ठसा चालला नसता का, असं पुढे अनेकांनी विचारलं. पण सूत ओढून ओढून बाबांच्या बोटांवर रेषाच उरल्या नव्हत्या. रेशनच्या दुकानातलं अंगठ्याचं यंत्र त्यांना माणूस म्हणून ओळखत नसे, तिथे फोन काय ओळखणार.

आवाजाची दुसरीकडे कुठे प्रतही नव्हती. सगळे फोन आपल्यातलं सामान आपोआप बाहेर कुठेतरी साठवून ठेवतात, पण बाबांच्या फोनवर ते मी बंद केलं होतं. आपल्या घरची वस्तू दुसऱ्याच्या कोठारात कायले, असं म्हणून. त्या दिवशी बाबांनी मान डोलावली होती. मला वाटतं, मी काय म्हणतो ते त्यांना कळलं नव्हतं आणि मुलगा एवढं बोलतोय तर बोलू द्यावं असं वाटलं असावं.

भावाने फोन हातात घेतला. "करवत काढून पाहतो," तो म्हणाला. "बाबा दुसरं काय काढतील?"

मलाही तेच वाटलं होतं. घरातल्या प्रत्येकालाच तेच वाटलं होतं, आणि सगळ्यांना आपण फार हुशार आहोत असंही वाटलं होतं. भावाने करवतीचे दात काढले. नाही. उलटे काढले. नाही. आईने सांगितलं, चौकट काढून पाह. नाही. फोनने सांगितलं, आता थांबा. आणखी चुकलो तर आणखी थांबावं लागणार होतं, म्हणून मी तो काढून घेतला.

"तू तं हेच काम करतं न," भाऊ म्हणाला. "मंग उघड."

"मी बुजवतो. उघडत नाही."

"म्हणजे कुलूप दुरुस्त करणाऱ्याले कुलूप खोलता येत नाही."

"मले येत नाही."

त्याने काकांकडे पाहिलं, आणि काकांनी त्याच्याकडे पाहिलं. माझ्या नोकरीबद्दलचा घरातला जुना संशय त्या क्षणी मिटला.

खरी अडचण वेगळी होती. बाबांचा फोन हा आमच्या अख्ख्या खानदानातला सर्वांत निरोगी फोन होता. भावाच्या फोनात भोकांची चाळणी आहे. अपडेटची सूचना आली की तो 'नंतर' दाबतो, गेली कित्येक वर्षं. आत्याच्या फोनला तर सूचना द्यायचाही कंटाळा आलेला. पण बाबांचा फोन मी दर सणाला हातात घेऊन ताजा करायचो. जगात सापडलेलं प्रत्येक भोक त्यात बुजलेलं होतं. काही तर माझ्याच हाताने बुजलेली होती. आत जायला वाट हवी होती आणि वाटा मी स्वतः एकेक करून बंद केल्या होत्या, आणि त्या वेळी मला त्याचा अभिमान वाटला होता.

त्याच आठवड्यात माझ्या टीममधल्या बंगलोरच्या मुलीचा फोन आला. ती माझ्या उलट काम करते. मी बुजवतो, ती शोधते. कर्नेलमध्ये कुठून शिरता येईल ते पाहते, म्हणजे चोरांच्या आधी आपल्याला कळावं. तिने सांत्वनाचं बोलून झाल्यावर विचारलं, काही मदत लागली तर सांगा सर. सगळे असं म्हणतात. मी तिला भांडणाचं सांगितलं. कशाला सांगितलं कोण जाणे.

तिने फोन कोणता ते विचारलं. मग म्हणाली, "सर, परवाचा मेल पाहिला?"

पाहिला नव्हता. सुतकात माग बंद ठेवतात आमच्याकडे, आणि आत्याने ठरवलं होतं की कंप्युटर हा माझा माग. मी ते आनंदाने मानलं होतं. तरी उघडून पाहिलं. एक नवीन भोक सापडलं होतं. बाबांच्या फोनात जे कर्नेल आहे, त्यातच.

अशा वेळी एक रिवाज असतो. भोक सापडलं की त्याची दवंडी पिटत नाहीत. सिहोऱ्याला आत्याच्या शेतावर एक बोडी आहे, छोटं तळंच, त्यावर खालच्या बांध्यांतला, म्हणजे शेताच्या वाफ्यांतला, धान पिकतो. लहानपणी पाहिलेलं आठवतं, बोडीच्या मातीच्या पाळीत खेकड्याने भोक पाडलं की ज्याला ते दिसे तो बोंबलत सुटत नसे. पाणी पाहणाऱ्याला आधी हळूच सांगे. नाहीतर खालचा घाबरतो आणि वरचा एखादा त्याच भोकातून आपल्या बांधीत पाणी वळवून नेतो. आधी चिखल, मग चर्चा. आमच्यातही तसंच. बुजवणाऱ्यांना गुपचूप कळवतात, एक दिवस ठरवतात, आणि त्या दिवशी भोकही जाहीर होतं आणि बुच्चाही सगळ्यांना मिळतो. तोवर तोंड बंद.

हा दिवस ठरला होता बुधवार, तेरवीनंतरचा.

"जाहीर झालं की मी करून पाहते," ती म्हणाली. "फोन तुमच्या बाबांचा, आईची इच्छा. कोणाचं वाकडं होत नाही. पण बुधवारच्या आधी नाही, सर."

"आधी नकोच," मी म्हटलं. नियम पाळण्यात आमच्या घरी माझ्याइतकं कोणी नाही. फोन त्याचीच साक्ष देत होता.

"आणि दोन गोष्टी. त्याला अपडेट मिळू देऊ नका. आणि तो बंद पडू देऊ नका. एकदा बंद होऊन परत सुरू झाला ना, की आतलं सगळं पक्कं कुलूपबंद होतं. मग ती नक्षी माहीत असल्याशिवाय कोणीच काही करू शकत नाही. मी पण नाही."

पहिल्या गोष्टीसाठी मी घरच्या वायफायचा पासवर्ड बदलला; बाबांच्या फोनला नेट तेवढंच होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी एका फोनला अपडेटपासून लपवत होतो. दुसरीसाठी तो सतत चार्जिंगला हवा होता, आणि आमच्याकडे लाइनचा भरवसा नाही. इन्व्हर्टरवर चालणारा प्लग एकच, मधल्या खोलीत, दिव्याच्या कोपऱ्यात. मी फोन तिथे, दिव्याशेजारी पाटावर ठेवला आणि सगळ्यांना सांगितलं, "हा फोन बंद पडू द्यायचा नाही."

आत्याने विचारलं, "काहून रे?"

खरं उत्तर लांब होतं. मी थकलो होतो, किंवा थकल्यासारखं करत होतो. दोन्हींतला फरक त्या दिवसांत मला कळत नव्हता. मी म्हटलं, "आत्या, बाबांचा जीव आहे त्याच्यात असं समज."

आत्याने तसं समजलं.

त्यानंतर ती सकाळी दिव्यात तेल घालायची आणि मग वाकून फोनची बत्ती पाहायची. आतल्या खोलीकडे तोंड करून सांगायची, "वहिनी, तेल आहे. करंटही आहे." आई म्हणायची, "बरं." दिव्याला फूल वाहिलं की एक पाकळी फोनजवळ. लाइन गेली की आत्या जेवता जेवता उठायची आणि चार्जरची पिन नीट बसली का ते पाहायची. लोक भेटायला यायचे, दिव्याला हात जोडायचे, आणि शेजारी तार लावलेला फोन दिसला की क्षणभर थांबून त्यालाही जोडायचे. काय आहे ते विचारायला कोणाला धीर होत नसे.

मधेच तो वाजायचा. बाबा गेल्याची बातमी ऐकून कोणी सांत्वनाला फोन करायचा आणि सवयीने बाबांचाच नंबर लावायचा. कुलूप असलं तरी आलेला फोन घेता येतो. आई घ्यायची. "हो, त्यायचाच फोन आहे. नाही, ते नाहीत. हो, मीच बोलून राहिली." पलीकडचा माणूस गडबडून जायचा. मग आईच त्याला धीर द्यायची.

रोज दुपारी चहानंतर ती माझ्याकडे पाहायची. मी म्हणायचो, "बुधवारी."

"बुधवारी नक्की होईन?"

"प्रयत्न करणार आहे ती पोरगी."

"चांगली आहे बापा," आई म्हणायची, जणू काम झालंच.

मी तिला सांगितलं नाही की होईलच असं नाही. भोक असणं आणि त्यातून आत जाता येणं यांत अंतर असतं. हे मला माहीत होतं, आणि तरी मी बुधवारची वाट पाहत होतो. निदान तेवढं मला पाहता येत होतं. बाकी जेवणाची चव, लोकांचं बोलणं, भटजीचे मंत्र, सगळं पाण्याखालून ऐकू आल्यासारखं यायचं. नागपूरहून बायको मुलीला घेऊन आलीच होती, तिने एकदा माझ्या पाठीवर हात ठेवला आणि विचारलं, "ठीक आहे न?" मी म्हटलं, "ठीक आहे," आणि ते खरंच होतं, हीच अडचण होती.

तेरवीला अंगणात मांडव टाकला. सकाळपासून माणसांची ये-जा. भटजींनी मला पुढे बसवलं, मग पानं वाढायला उठवलं, मग कोणाच्या तरी पाया पडायला लावलं. सांगितलं ते सगळं मी केलं. पहिली पंगत उठल्यावर पाणी प्यायला मधल्या खोलीत गेलो.

दिवा शांत केलेला होता. काजळी पुसून, स्वच्छ करून पालथा ठेवला होता. शेजारी फोन. त्यालाही ओल्या फडक्याने पुसला होता. तार गुंडाळून, तिची व्यवस्थित वेटोळी करून, त्यावर एक फूल. फोन काळा होता.

आत्या तिथेच होती, पदराने हात पुसत. तिने माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरलेले होते, पण चेहरा हलका झाला होता, काम नीट पार पडल्यावर बाईमाणसाचा होतो तसा.

"दोघायलेही शांत केलं, बाबू," ती म्हणाली. "तू कामात होता, म्हणून इचारलं नाही. तेरवी झाली. आता कायले अडकवून ठेवाचं दादाले? मोकळं करा लागते."

आत्याला फोन बंद करता येतो. सिहोऱ्याला ती रोज झोपताना स्वतःचा फोन बंद करते. म्हणते, त्यालेही झोप पाहिजे. बाजूची कळ दाबून धरायची, मग पडद्यावर विचारतं, बंद करू का. त्याला कुलूप आड येत नाही. तिने ते हात जोडून केलं असणार.

मी फोन उचलला. सुरू केला, कारण तेवढंच करण्यासारखं होतं. कंपनीचं चिन्ह आलं, मग ठिपके आले, आणि वर एक ओळ, सुरू केल्यानंतर एकदा नक्षी काढावी लागेल अशी.

"काही बिघडलं का?" आत्याने विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "बरं केलं."

दारात आई उभी होती. तिच्या हातात भाजीची बादली होती. ती किती वेळ उभी होती कोण जाणे. तिने फोनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. बादली खाली ठेवली. मग आत्याला म्हणाली, "बाई, तुम्ही सकाळपासून काही खाल्लं नाही. चला, पान वाढते."

भावाला संध्याकाळी कळलं. तो तडक आत्याकडे निघाला होता. आईने त्याला बाहीला धरून मागाच्या खोलीत नेलं. मी दाराशी होतो.

"तिले सांगाचं नाही," आई म्हणाली.

"पण आई, तिनं..."

"तिनं भावाले मोकळं केलं. तिले जन्मभर हे लागून राहीन. सांगाचं नाही म्हटलं न."

भाऊ माझ्याकडे वळला. "अन् तू? तू तं काहीच म्हणत नाही."

"काय म्हणू?"

"काही तरी म्हण न बे. दगड आहे का तू?"

मला त्याचं बरोबर वाटलं. मी तसं सांगितलंही. त्याने हात झटकला आणि दुकानाकडे गेला. आईने माझ्याकडे पाहून विचारलं, "आता नाही न उघडत?"

"नाही."

"बुधवारीही नाही."

"नाही."

"बरं," ती म्हणाली.

बुधवार आला. सुतक फिटलं होतं, म्हणून मी माझ्या मागावर बसलो. भोक जाहीर झालं. दुरुस्ती अगदी छोटी होती. बाहेरून माल येतो, तो एका डब्यात भरायचा असतो. डबा किती, माल किती, हे भरण्याआधी कोणी विचारलंच नव्हतं. तेवढा प्रश्न घातला की झालं. आमच्या ज्या जुन्या यंत्रांचं काम माझ्याकडे आहे, त्या सगळ्यांत मी तो प्रश्न घातला, तपासला, पाठवला. बंगलोरच्या मुलीचा मेसेज आला, "सर, आज करू या का?" मी लिहिलं, "फोन बंद झाला." तिने लिहिलं, "सॉरी सर." मी लिहिलं, "तिकडची चाचणी पास झाली का?" ती म्हणाली, झाली.

सवयीने बाबांचा फोनही घेऊन बसलो होतो. त्याला वायफायचा नवा पासवर्ड द्यावा आणि हेही भोक बुजवून टाकावं असं वाटलं. पण त्यासाठीही आधी कुलूप उघडावं लागतं. म्हणजे जगात तो एक फोन असा राहिला की ज्यात भोक आहे आणि ते कोणाच्या काही कामाचं नाही. मी तो परत पाटावर नेऊन ठेवला.

दुपारचा चहा झाला. आई मागाच्या खोलीत खड्ड्याच्या काठावर बसली होती. आत्या अजून होती, धान कापणीला येईपर्यंत थांबणार होती. ती सुपात तांदूळ निवडत होती. आईने मला हाक मारली. मला वाटलं, सवयीने. मी सांगायला गेलो की आता बुधवारचं काही उरलं नाही.

ती म्हणाली, "बस इथी. लाल म्हण."

"काय?"

"ते म्हणत होते न, काठ लाल होता. म्हण तू."

मी बसलो. "काठ लाल होता," मी म्हटलं.

"लाल कुठचा? कत्थी होता." आईने लगेच म्हटलं. मग माझ्याकडे पाहत राहिली.

"मी विणलं का तू?"

"असं नाही," आई म्हणाली. "तू पाठ केल्यावानी म्हणून राहिला. त्यायले राग येत होता."

मी पुन्हा म्हटलं. तिला पसंत पडलं नाही. आत्याने सूप खाली ठेवलं होतं. "काय चाललं तुमचं?" ती म्हणाली. "माह्या लग्नातल्या लुगड्याची गोष्ट न? मंग मले इचारा. पेटीत आहे माह्या, डांबराच्या गोळ्या टाकून. सांगू का कोणता काठ..."

"सांगू नका," आई म्हणाली.

"अवं, पण मले पक्कं..."

"बाई, तुम्हाले शपथ आहे. सांगू नका."

आत्याला कळलं नसावं, पण तिने सूप उचललं आणि तोंड फिरवून तांदूळ निवडायला लागली. आईने पाय सावरले, पदर नीट केला. कांड्या भरायचा चरखा तिच्या शेजारी भिंतीला टेकवलेला होता, त्यावर तिने हात ठेवला.

"तुले भांडताही येत नाही," ती मला म्हणाली. "पहिल्यापासून घे. आधी ते खोकलत होते."

मी खोकललो.

"थोडं जोरानं," आई म्हणाली.